बनवाबनवी सोडून बोला: न गाजलेले विनोदी पिक्चर आणि कुणी न ऐकलेले अल्बम

सुस्त_अजगर

गेल्या रविवारी सासुरवाडीला जेवणं झाल्यावर टीव्ही लावला तर नेहमीप्रमाणे अशी ही बनवाबनवी. कितव्यांदा ते विचारू नका. मेव्हणा आणि त्याची सात वर्षांची पोरगी टीव्हीच्या अर्धा सेकंद आधी डायलॉग म्हणत होते, त्यामुळे मला सगळं दोनदा ऐकू येत होतं, एकदा सोफ्यावरून आणि एकदा टीव्हीतून. पिक्चर भारीच आहे, वादच नाही, १९८८ पासून त्याला गादीवरून कोणी उठवू शकलेलं नाही. पण हसायचं म्हटलं की आपण तेच पाच-सहा पिक्चर का लावतो राव? गाण्यांचंही तेच, गाडीत बसलं की ठरलेली प्लेलिस्ट सुरू.

तर असे विनोदी पिक्चर सांगा जे चांगले असून मागे पडले, आणि असे अल्बम सांगा जे फिल्मी नाहीत, भावगीतंही नाहीत, आपले आडवाटेचे. दोन धागे काढायचा कंटाळा आला म्हणून एकातच. अट एवढीच की स्वतः बघितलेलं-ऐकलेलं पाहिजे आणि ते तुमच्यापर्यंत कसं पोचलं तेही सांगायचं. रेटिंग चिकटवू नका, ते मलाही शोधता येतं.

माझ्यापासून सुरुवात. गाभ्रीचा पाऊस, २००९, दिग्दर्शक सतीश मनवर. याची व्हीसीडी मी लक्ष्मी रोडला एका टोपलीतून उचलली होती, कव्हरवरून वाटलं रडका असणार. बायको म्हणाली रविवारी दुपारी शेतकरी आत्महत्येचा पिक्चर लावलास तर मी माहेरी जाते. गेली नाही, शेवटपर्यंत बसली. गोष्ट अशी की गावात एकाने जीव दिलाय आणि अलकाच्या (सोनाली कुलकर्णी, मोठी) डोक्यात बसलंय की आपला नवरा किसना पण काहीतरी करणार. मग ती पोराला त्याच्या मागावर सोडते, बाप जाईल तिकडे हे शेपूट. घरात गोडधोड काय, लाडीगोडी काय, आणि गिरीश कुलकर्णीच्या किसनाच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न, की घरात पैसा नाही, पाऊस नाही, मग ही एवढी लाडात का आलीये. त्याला बिचाऱ्याला खरं म्हणजे मरायचंच नसतं, पेरणी करायची असते. ज्योती सुभाष सासू आहेत, त्या नुसत्या बसल्या तरी हसू येतं. आणि आपण हसतोय कशावर हे लक्षात आलं की घास अडकतो. असा काळा विनोद मराठीत दुसरा मी तरी बघितला नाही. हा थेटरात कधी आला नि कधी गेला कुणाला कळलंपण नाही.

पेठकरीण

वळू!!

सुस्त_अजगर

वळू मागे पडलेला? घराघरात माहितीये तो. पुढे.

पेठकरीण

नाव माहिती असणं वेगळं आणि बघितलेला असणं वेगळं हो. माझ्या ऑफिसात आठ मराठी माणसं आहेत, त्यातल्या दोघांनी बघितलाय, आणि त्या दोघांनाही "बैल पकडायचा पिक्चर" एवढंच आठवतंय. बैल पकडायचा नाहीये तो! पुन्हा बघा, डुरक्या बिचारा करतो काय? अर्धा वेळ उभा असतो नाहीतर चरत असतो. गावात ज्याचं जे काही चोरून चाललेलं असतं, भांडण असेल, लफडं असेल, ते सगळं त्याच्या नावावर खपवतात. देवाला सोडलेला वळू आहे, बोलता येत नाही, सोयीचंच की. अतुल कुलकर्णीचा फॉरेस्टवाला येतो तर लोक त्याला माणसाच्या नावाने हाकच मारत नाहीत, "फारेस्ट" म्हणतात. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून जी मिटिंग झाली ती डिट्टो वळू होती, फक्त बैलाच्या जागी तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू.

वऱ्हाडी_ठेचा

अजगरभाऊ गाभ्रीचा पाऊस काढला ना, खूश केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गाभ्रीचा ही आमच्याइकडची शिवी हाये, रागात पण देतेत अन लाडात पण. पावसाले शिवी देऊन पिक्चर सुरू होते इथंच अर्धं काम झालं. म्या हा यवतमाळात पाह्यला नाही, पुण्यात होस्टेलवर पाह्यला, रूमपार्टनर कोल्हापूरचा होता, तो पहिल्यांदा हसला मग मायाकडं बघून गप्प झाला. म्या म्हटलं हस ना बे, हसासाठीच काढलाय.

याच वळणाचा दुसरा सांगतो, रंगा पतंगा, २०१६, प्रसाद नामजोशीचा. मकरंद अनासपुरे जुम्मन नावाचा शेतकरी हाये अन त्याची बैलजोडी हरवते. रंगा अन पतंगा ही बैलांची नावं. सोबत संदीप पाठक. आता बैल हरवले तर शोधावे ना, पण मधात पोलिस येते, मग च्यानलवाले येते, मग बैल राह्यले बाजूला अन जुम्मन मुसलमान हाये यावरच चर्चा. टीव्हीवाला तिथं उभा राहून जे बोलते ना, ते आता रोज रात्री नऊ वाजता खरंखुरं लागते, म्हणून तो पिक्चर आता बघाले जास्त मजा येते, का कमी येते, ठरवा तुमी. अनासपुरे म्हटलं की लोकं गावठी कॉमेडी समजून सोडून देतेत, अन इथंच चुकते.

म्हापशाचो_पाव

अल्बमवर कोणीच बोलेना म्हणून मी बोलतो.

रेमो फर्नांडिस म्हटलं की तुम्हा लोकांना हम्मा हम्मा आठवतं. त्याच्या दहाएक वर्षं आधीचा त्याचा गोअन क्रेझी ऐका, १९८४ चा. हा माणूस मुंबईला जेजेत आर्किटेक्चर शिकलेला, परत शिवोलीला आला आणि घरातच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर अख्खा अल्बम एकट्याने केला. गिटार त्याची, बासरी त्याची, मागचे आवाजपण त्याचेच. मोठी कंपनी नाही काही नाही, कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतः नेऊन दिल्या. आज पोरं बेडरूम स्टुडिओ म्हणून मिरवतात त्यांनी हे ऐकावं.

यात टेलिफोनवर एक गाणं आहे, ओड टू ग्रॅहम बेल. तेव्हा गोव्यात फोन म्हणजे शोभेची वस्तू. आमच्याकडे बाबांनी नंबर लावून कित्येक वर्षांनी आला, आईने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल विणून घातला, आणि त्यानंतर तो बहुतेक मुकाच. उचलला की खरखर, नाहीतर भलत्याच घरातलं बोलणं. माझ्या मामाकडे ही कॅसेट होती. तो हे गाणं लावायचा आणि फोनचा रिसिव्हर उचलून स्पीकरला लावायचा, म्हणायचा ऐक रे बाबा, तुझ्यावरच लिहिलंय. हे विनोदी पिक्चरच्या यादीतपण चालेल खरं तर. गाणी बहुतेक इंग्लिशमध्ये आहेत पण माणूस, चिडचिड, चेष्टा, सगळं गोव्याचं. त्यातली ती टेपची बारीक सूं सूं सुद्धा मला आता त्या गाण्याचाच भाग वाटते.

मामाच्या कॅसेटची रीळ शेवटी डेकने खाल्ली. पेन्सिल घालून गुंडाळली, चुरगळलेल्या जागी आवाज बुडाल्यासारखा यायचा. पुढे मोबाइलवर स्वच्छ ऐकलं तर तिथे आवाज बुडतच नाही, मलाच चुकल्यासारखं झालं.

सुस्त_अजगर

काय लिहिलंय राव पावा! रिसिव्हर स्पीकरला लावणारा मामा पाहिजे प्रत्येकाला. आज रात्री ऐकतो.

तोडी_नंतर_चहा

आडवाटेचे अल्बम म्हणताय तर हा घ्या आणि घरात कोणी शास्त्रीयवाले नसतील तेव्हा लावा. चरणजित सिंग, टेन रागाज टू अ डिस्को बीट. १९८२. चरणजित सिंग म्हणजे मुंबईत फिल्मी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे वादक. त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली, जुपिटर ८ कीबोर्ड, ८०८ ड्रम मशीन आणि टीबी ३०३ नावाचा छोटा बेसचा डबा, आणि त्यावर दहा राग वाजवले. भैरव, ललत, तोडी, मेघमल्हार, मालकंस वगैरे. खाली डिस्कोचा ठोका, वर राग. रेकॉर्ड काढली, कोणी ढुंकून बघितलं नाही, विषय संपला.

मग १९८७ ला शिकागोत त्याच ३०३ डब्याचा कान पिळून लोकांनी ॲसिड हाउस नावाचा प्रकार काढला, तो जगभर गाजला. २०१० मध्ये एका डच माणसाने चरणजित सिंगांची ही जुनी रेकॉर्ड परत काढली तेव्हा तिकडच्या लोकांना वाटलं कोणीतरी आता बनवून जुन्या काळाच्या नावावर खपवतोय. खरीच होती. मग हे सत्तरी ओलांडलेले सरदारजी युरोपात जाऊन कार्यक्रम करून आले. २०१५ ला गेले.

आता माझं. माझे वडील किराणा घराण्याचे पक्के, पहाटे रियाज ऐकल्याशिवाय चहा नाही. मी हेडफोन लावून भैरव ऐकत होतो आणि ब्लूटूथ तुटला, फोनच्या स्पीकरवर आलं सगळं. मला वाटलं गेलो आता. बाबा आतून आले, उभे राहिले, दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रिषभ बरा लावलाय. मशीनला सांगितलं कोणी?" त्या ३०३ मध्ये स्लाइड म्हणून एक सोय आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची. बनवणाऱ्यांनी ती बेस गिटारची नक्कल करायला ठेवली होती, आपल्या माणसाने तिच्यातून मींड काढली. एवढं एक लक्षात घेऊन ऐका, मग तो डिस्को सहन होतो.

खमंग_काकडी

ऐकला. पाच मिनिटात डोकं दुखायला लागलं. ललत म्हणे! व्हिडिओ गेमच्या दुकानात ललत ऐकल्यासारखं वाटलं. सगळे राग एकाच वेगात, आलाप चार फुंकरा की लगेच ढिशक्यांव ढिशक्यांव. इतिहास म्हणून ठीक आहे हो, पण इतिहास आहे म्हणून गोड मानून घ्यायचं का?

तोडी_नंतर_चहा

नका मानू. पण रात्री एक वाजता रिकाम्या एक्सप्रेसवेवर मालकंस लावा आणि मग बोला.

खमंग_काकडी

मी रात्री एक वाजता झोपलेली असते.

बेदाणा

त्याच काळातला, तसाच बुडालेला अजून एक: डिस्को जॅझ, रूपा बिस्वास. कोलकात्याची मुलगी कॅनडात कॅलगरीला गेलेली, तिथे १९८२ च्या आसपास रेकॉर्ड केला, सरोदला आशिष खान. चालला नाही. बाई घरी परतल्या, संसाराला लागल्या, आणि कित्येक वर्षांनी मुलाला घरात ती रेकॉर्ड सापडली, इंटरनेटवर बघतो तर लोक तिच्यासाठी भरमसाट पैसे मोजतायत. २०१९ ला अमेरिकेतल्या एका कंपनीने परत काढली. चारच गाणी आहेत, आज शनिबार नावाचं आधी ऐका. घर झाडताना बेस्ट.

हेरिंग_आणि_सोलकढी

स्कॉटलंडहून लिहितोय, ॲबर्डीनला असतो, तेलाच्या कंपनीत आहे (दगड मारू नका). त्यामुळे माझा पिक्चर माझ्यावरच केलेला आहे म्हणायला हरकत नाही. लोकल हीरो, १९८३, बिल फोर्साइथ. अमेरिकन तेल कंपनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं एक अख्खं गाव विकत घ्यायला माणूस पाठवते. आपल्याला वाटतं आता गावकरी मोर्चा काढणार. छे, गावकरी विकायला टपलेलेच आहेत, फक्त भाव चढवायला नाही नाही म्हणायचं नाटक करतायत! एकच म्हातारा, किनाऱ्यावर झोपडीत राहणारा, तो काही केल्या ऐकेना, आणि नेमका तो किनारा त्याच्या मालकीचा. यात कोणी जोक मारत नाही, सगळे शांतपणे आपापलं काम करत असतात आणि तुम्ही मात्र हसत असता. म्युझिक मार्क नॉफ्लरचं आहे, त्याचा अल्बमपण घ्या, म्हणजे दोन्ही खात्यात जमा. शेवटची धून न्यूकॅसलच्या फुटबॉल टीमच्या मैदानावर वाजते, मी प्रत्यक्ष ऐकलीये, काटा येतो.

आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना पेनन नावाच्या गावी घेऊन गेलो, गावाचं शूटिंग तिथलं. एकच रांग घरांची, पुढे समुद्र, मागे कडा. तिथे एक लाल फोनची पेटी आहे, लोक आत शिरून फोटो काढतात. गंमत म्हणजे पिक्चरमधली पेटी खोटी होती, नंतर काढून नेली, ही खरी थोडी बाजूला आहे. आईने आत उभं राहून फोटो काढला आणि मग विचारलं, तो पिक्चरमधला पांढऱ्या वाळूचा किनारा कुठाय रे? आता काय सांगणार, तो स्कॉटलंडच्या पार दुसऱ्या अंगाला, पश्चिमेला. इथे नुसते गोटे. आई म्हणाली, "म्हणजे घर एकीकडे नि वाडी एकीकडे, आपल्या वेळणेश्वरासारखंच."

पेठकरीण

"घर एकीकडे नि वाडी एकीकडे" =)) काकूंना नमस्कार सांगा.

भाट्ये_बंदर

हेरिंगभाऊ, तुमच्या त्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्याचा चुलतभाऊ आमच्याकडे आहे. नारबाची वाडी, २०१३, आदित्य सरपोतदार, नारबा म्हणजे दिलीप प्रभावळकर. नारबाची नारळी-पोफळीची वाडी गावच्या खोताच्या डोळ्यात. खोत शेवटी करार करतो, की तू जिवंत आहेस तोवर दर महिन्याला ठराविक पैसे देतो, तू मेलास की वाडी माझी. म्हातारा एवढा थकलेला, किती दिवस काढणार? आणि इथे खरी मजा सुरू होते, कारण पैसे मिळायला लागल्यावर म्हातारा दोन वेळ नीट जेवायला लागतो, आणि नीट जेवला की माणूस सुधारतो! खोत दर महिन्याला बघायला येतो तर नारबा गेल्या वेळपेक्षा तुकतुकीत. मनोज जोशी बाप आणि मुलगा दोन्ही खोत झालाय.

मूळ गोष्ट बंगाली, मनोज मित्रांचं नाटक, त्यावर तपन सिन्हांनी १९८० ला बांछारामेर बागान काढला. त्यात म्हातारा स्वतः मनोज मित्रांनी केलाय, तेव्हा ते जेमतेम चाळिशीचे, विश्वास बसत नाही. पण गुरू ठाकूरने जे मराठी केलंय ते इतकं कोकणी आहे की मला कित्येक वर्षं वाटायचं मालवणीतलंच काहीतरी जुनं असणार. रिफायनरीच्या बातम्या आल्या की आमच्याकडे कोणीतरी म्हणतंच, नारबा व्हा रे.

काका_सदाशिव

तरुणांनो, जरा मागे चला. गुळाचा गणपती, १९५३. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका, सगळे पु. ल. देशपांडे. पुस्तके पाठ असलेली, कॅसेटी झिजवलेली माणसे मला भेटतात, पण त्यांनी हा पाहिलेला नसतो. नायक भोळा, बावळट, कोणीही यावे टपली मारून जावे असा. तो अंगाने हसवतो. स्टेजवरचे पु. ल. शब्दांनी हसवतात, इथे ते नुसते दचकतात, अडखळतात, त्यात हसवतात.

आमच्या चिंचवडच्या भजनी मंडळात दर एकादशीला इंद्रायणी काठी होते. मागे एकदा मी म्हणालो, हे विनोदी चित्रपटातले गीत आहे, गदिमांचे, चाल पुलंची, गायले भीमसेनजींनी. पेटीवाले भडकले. म्हणाले, हे पारंपरिक आहे, आमच्या आजोबांपासून म्हणतात. आजोबांनी थेटरात ऐकले असेल, असे मी म्हणालो. त्यानंतर दोन एकादश्या मला टाळ मिळाला नाही.

बेदाणा

काका __/\__

लोकल_साडेआठ

सगळेच जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलेत म्हणून नवीन सांगतो. चेतावणी, स्वदेसी, २०२०. मुंबईचे हिपहॉपवाले. यांच्यातला मवाली मराठीत रॅप करतो, आणि मराठी म्हणजे टपोरी शिव्या आणि जय महाराष्ट्र असं नाही, आमच्या चाळीत नळावर जशी भाषा चालते तशी. तोडफोड नावाचा पोरगा गुजरातीत करायचा, २०२२ च्या मार्चमध्ये गेला, चोवीस वर्षांचा होता. त्याआधी यांचं आरेच्या जंगलावरचं द वारली रिव्होल्ट आलं होतं, त्यात आरेतले प्रकाश भोईर आहेत. त्यांचा आवाज सुरू झाला की खालचा बीट जरा मागे सरकून उभा राहतो, तो क्षण ऐका. मी पहिल्यांदा ऐकलं गोरेगाव स्टेशनला, ट्रेन लेट होती. पप्पांना ऐकवलं तर म्हणाले हे तर शाहिरी आहे, तुम्ही नवीन काय केलंत.

अक्राणी_महाल

पप्पांचं बरोबर आहे :)

माझे वडील धडगावला शिक्षक होते, त्यामुळे लहानपणी नर्मदेच्या मोर्चातली गाणी कानावर असायची. पुढे नाशिकला हॉस्टेलवर कोणीतरी इंडियन ओशनचा कंदिसा (२०००) लावला आणि त्यात मा रेवा लागलं. मी ताडकन उठून बसलो, अरे हे आमच्याकडचं! मग कळलं की त्यांचा बेस वाजवणारा राहुल राम स्वतः नर्मदा आंदोलनात होता, तिकडूनच ते आणलं. पण कंदिसा आता बऱ्याच लोकांना माहितीये, माझी शिफारस त्याच्या आधीच्या डेझर्ट रेनची, १९९७. दिल्लीतल्या कार्यक्रमाचं लाइव्ह रेकॉर्डिंग आहे, शब्द जवळजवळ नाहीतच. असीम चक्रवर्तींचा तबला ऐका, २००९ ला गेले ते. ढोबळ आहे, कुठे कुठे सैल आहे, पण पुढे जे बांधीव झालं ते इथे मोकळं पडलेलं ऐकू येतं.

खमंग_काकडी

पिक्चरमध्ये मी कथा टाकते, सई परांजपे, १९८३. आता म्हणू नका माहितीये. जाने भी दो यारो त्याच वर्षीचा, सगळे त्याचंच नाव घेतात. मुंबईची चाळ, ससा-कासवाची गोष्ट, नसीर कासव आणि फारुख शेख ससा. मूळ मराठी नाटक. माझ्या मते फारुख शेखचं यापेक्षा चांगलं काम नाही, इतका गोड बोलून गंडवतो की शेवटपर्यंत आपणच त्याची वकिली करत राहतो. आणि चाळीतल्या बायका! प्रत्येकीला एकेक ओळ आहे फक्त, पण ओळखीच्या वाटतात.

आणि तोडीसाहेब, मालकंस लावला काल. रात्री साडेनऊला, भांडी घासताना. बरा आहे. बरा, एवढंच.

तोडी_नंतर_चहा

बाबांना सांगितलं. म्हणाले, भांडी घासताना मालकंस ऐकणाऱ्यांच्या मताला किंमत आहे.

सुस्त_अजगर

रविवारचा रिपोर्ट. सासुरवाडीला या वेळी मी रिमोट आधीच खिशात घातला आणि नारबाची वाडी लावला. मेव्हण्याने दहा मिनिटं तोंड वाकडं केलं. पोरगी अर्ध्यात झोपली, मग उठली आणि खोत परत आला का म्हणून विचारलं, परत हसली. सासूबाई नारबाला "बाबा जेव रे" म्हणत होत्या. सासरे मात्र पूर्ण वेळ गंभीर. त्यांची कुडाळला पंधरा गुंठे वाडी आहे, दोन वर्षांपासून एक पार्टी मागे लागलीये, हे विकत नाहीत. पिक्चर संपला, सगळे उठले, चहा झाला, मी चपला घालत होतो तेव्हा ते हळूच जवळ आले आणि म्हणाले, "जावईबापू, तो खोत महिन्याला नक्की किती देत होता?"

भाट्ये_बंदर

सासऱ्यांचं जेवण कसं आहे सध्या?

सुस्त_अजगर

काल दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या म्हणे.